'किल्ला दर्शन' म्हणजे आतून की बाहेरून? सहल आयोजकांना खुले पत्र

प्रति,
युरोप आणि ब्रिटनच्या गटसहली काढणाऱ्या सर्व मराठी आयोजकांना,

स. न. वि. वि.

येत्या हंगामाची सहलपत्रके आमच्यासमोर आहेत. जर्मनीच्या दिवसापुढे 'बुर्ग एल्ट्स दर्शन', स्कॉटलंडच्या दिवसापुढे 'ब्लेअर कासल दर्शन' असे ठळक छापले आहे. काही पत्रकांत शेवटच्या पानावर बारीक टाइपात 'बाहेरून' हा शब्द सापडतो, काहींत तोही नाही. पंढरपुरात मुखदर्शनाची रांग वेगळी आणि पदस्पर्शाची वेगळी असते, आणि आपण कोणत्या रांगेत उभे आहोत हे माणसाला आधी ठाऊक असते. तुमच्या पत्रकावर ती पाटीच नाही. पूर्वी निदान काही सहलींत किल्ल्याचे तिकीट धरलेले असे. आता 'फोटो स्टॉप'वर भागवायचे, असा निर्णय जवळपास सगळ्यांनी मिळून घेतलेला दिसतो. तो आम्हाला मान्य नाही.

आमचा संबंध दुहेरी आहे. आमच्या घरची वडीलधारी मंडळी तुमच्या बसमध्ये बसतात. आणि घराण्यांनी शतकानुशतके सांभाळलेले हे किल्ले हा आमच्या अभ्यासाचा विषय आहे. कुठे किती पायऱ्या, कोणत्या दिवशी दार बंद, कुठे फोटो चालत नाही, हे आम्ही गोळा करत असतो. त्यामुळे तुमचे वेळापत्रक वाचले की गणित कुठे चुकते ते लगेच दिसते.

पहिली तक्रार वर्गवारीची. 'ऐतिहासिक कासल' या एका मथळ्याखाली तुम्ही वेगवेगळ्या प्रकारची ठिकाणे कोंबता. एडिंबराचा किल्ला सरकारी यंत्रणेच्या ताब्यात आहे. हायडेलबर्ग आणि नॉयश्वानस्टाइन त्या त्या जर्मन राज्याकडे आहेत. इंग्लंडमधला वॉरिक कासल त्याच्या घराण्याने 1978 मध्ये विकून टाकला. आज तिथे करमणुकीचा धंदा आहे आणि तो त्या कामात वाकबगार आहे. ब्लेअर आणि इंग्लंडमधला अरुंडेल हे किल्ले अजूनही ॲथॉल आणि नॉरफोकच्या ड्यूक घराण्यांची नावे लावतात, पण कारभार विश्वस्त संस्थांकडे आहे. एल्ट्स, इंग्लंडमधला ॲनिक, स्कॉटलंडमधला डनव्हेगन हे मात्र घराण्यांकडेच राहिले. ॲनिक 1309 पासून पर्सी घराण्याकडे आहे. हिवाळ्यात त्यांची माणसे त्याच दालनांत राहायला येतात आणि पर्यटकांना दार बंद होते. पत्रकात तुम्ही त्याची ओळख 'जादूच्या शाळेचा किल्ला' एवढीच देता. तिथे हॅरी पॉटरच्या चित्रपटांचे चित्रीकरण झाले हे खरे, पण सातशे वर्षे एका घरात राहिलेल्या लोकांची एवढीच ओळख थोडी कमी पडते.

मालकीचा हा फरक केवळ कुतूहलाचा नाही, त्याने भेटीचे नियम बदलतात. सरकारी किल्ला ठरल्या वेळेत उघडतो आणि बहुतेक ठिकाणी मोकळे फिरू देतो. घराण्याच्या किल्ल्यात काही दालने कायम बंद असतात. लग्नसमारंभासाठी किंवा घरच्या कार्यासाठी एखादा दिवस रद्द होतो. काही ठिकाणी वाटाड्याशिवाय आत जाताच येत नाही. आणि छप्पर गळायला लागले तर पैसा मुख्यतः तिकीट, चहाघर आणि दुकान यांतूनच येतो.

एल्ट्सचेच घ्या. राइनच्या बोटीवरून दिसणाऱ्या किल्ल्यांसारखा तो नदीकाठी उभा नाही. मोझेल नदीपासून आत, एल्ट्सबाख नावाच्या ओढ्याने तीन बाजूंनी वेढलेल्या सत्तर मीटर उंच खडकावर, जंगलाच्या खोलगट भागात तो आहे. घराण्याचे नाव 1157 च्या एका दानपत्रात साक्षीदार म्हणून येते. तेव्हापासून तीसहून अधिक पिढ्या तो त्यांच्याकडेच आहे. तेराव्या शतकात भावांच्या तीन शाखा झाल्या, पण किल्ला कोणी सोडला नाही. रूबेनाख, रोडेनडॉर्फ आणि केंपेनिख अशी तीन घरे एकाच चौकाभोवती, एकमेकांना चिकटून, उंचच उंच वाढत गेली. जागा खडकाएवढीच असल्याने वाढायचे तर वरच वाढावे लागे. म्हणून ते बुरूज इतके दाटीवाटीने उभे दिसतात. अशा सामाईक किल्ल्यांत भाऊबंदकी आवरायला लेखी करार होत: तटबंदीची दुरुस्ती कोणी करायची, भांडण झाले तर काय, सारे त्यात असे. वाटणीवरून कोर्टाच्या पायऱ्या झिजवणाऱ्या आपल्या मंडळींना ही एवढी गोष्ट सांगितली तरी ती कान टवकारून ऐकतील. तुमचा टूर मॅनेजर ती सांगत नाही, कारण तो स्वतः चौकात गेलेलाच नसतो.

आत तिन्ही शाखांचे सामाईक सभादालन आहे. भिंतींवर विदूषकांचे मुखवटे आहेत: इथे कोणीही मोकळेपणाने बोलावे, याची खूण. आणि दारावर गुलाब: बोललेले इथून बाहेर जाऊ नये, याची खूण. आधी घराची वाटणी कळली की मगच या दोन खुणांचा अर्थ लागतो. वरच्या कठड्यावरून फोटो काढून परतणाऱ्याला हे कळणार कसे? त्याला पाचशे मार्कांच्या जुन्या नोटेवरचे चित्र तेवढे प्रत्यक्षात दिसते.

दुसरी तक्रार वेळेची आहे आणि ती सर्वांत मोठी आहे. बहुतेक पत्रकांत किल्ल्यासाठी 45 मिनिटे आहेत. हा आकडा कुठून येतो हे आम्हाला ठाऊक आहे. युरोपात बसचालकाने साडेचार तास गाडी चालवली की किमान 45 मिनिटांची विश्रांती त्याला घ्यावीच लागते. हवी तर ती आधी 15 आणि नंतर 30 मिनिटे अशी तोडता येते. चालकाचा आराम आणि प्रवाशांचा किल्ला तुम्ही एकाच खणात बसवता. चालकाचा नियम योग्यच आहे आणि तो पाळलाच पाहिजे. पण त्या नियमाचा किल्ल्याशी काही संबंध नाही.

एल्ट्सचा हिशेब मांडू. 45 जणांची बस रिकामी होऊन गट जमायला 10 मिनिटे. वाहनतळ वर आहे. तिथून डांबरी उताराने सुमारे 800 मीटर चालायचे. तरुणाला 10 मिनिटे, आपल्या सरासरी गटाला 15. जंगलातली पायवाट अधिक सुंदर, पण लांब. छोटी शटल गाडी मिळते, मात्र तिच्यात एका खेपेत सगळे मावत नाहीत. मग स्वच्छतागृह. तीस बायका, चार खोल्या, प्रत्येकीला दोन मिनिटे धरली तरी पंधरा मिनिटे गेली. वाटाड्याबरोबरची फेरी 40 मिनिटांच्या आसपास. खजिन्याचे दालन स्वतःहून पाहायचे असते. ऑग्सबर्ग आणि न्यूरेम्बर्गच्या सोनारांचे काम तिथे आहे, त्याला अर्धा तास कमीच. चौकात उभे राहायला, फोटोला दहा-पंधरा मिनिटे. परत येताना तोच उतार चढ होतो, म्हणून 25 मिनिटे धरा. बेरीज अडीच तासांच्या घरात जाते. 45 मिनिटांत माणूस खाली पोहोचतो, दरवाजा पाहतो आणि धापा टाकत वर येतो. गुडघेदुखीवाले तर बसमधून उतरतच नाहीत. मग तुम्ही म्हणता, 'लोकांनाच आत जाण्यात रस नाही.'

शिवाय 45 जण एका फेरीत जाऊ शकत नाहीत. मध्ययुगीन दालने लहान, दारे अरुंद, जिने एका माणसाचे. गट दोनात तोडावा लागतो आणि दोन फेऱ्यांमध्ये पंधरा-वीस मिनिटांचे अंतर ठेवावे लागते. आधी वेळ आरक्षित केली तर पहिला गट आत असताना दुसऱ्याला खजिना पाहता येतो आणि कोणाचाच वेळ वाया जात नाही. न कळवता दुपारी बारा वाजता बस नेऊन उभी केली, तर रांगेत तास जातो आणि दोष किल्ल्याच्या माथी येतो.

ब्लेअरची गोष्ट तर आणखी विचित्र आहे. इन्व्हर्नेसला जाताना तुमची बस ए-नाइन महामार्गाने त्याच्या अगदी जवळून जाते. पांढराशुभ्र किल्ला खिडकीतून दिसतो. 'डाव्या हाताला पाहा' की 'उजव्या हाताला पाहा' एवढ्यावर दर्शन आटोपते. ॲथॉल हायलँडर्स ही युरोपातली एकमेव खासगी फौज याच घराण्याची. 1844 मध्ये राणी व्हिक्टोरिया तिथे राहिली, आणि पुढच्याच वर्षी या फौजेला तिच्याकडून निशाणे मिळाली. 1936 पासून किल्ला लोकांसाठी खुला आहे. दोन तासांचा थांबा दिला तर त्या लांब प्रवासाच्या दिवसाला काहीतरी आकार येईल. चालकाची विश्रांतीही त्यातच होईल. इथे दोन्ही गोष्टी खरोखर जुळतात आणि नेमक्या इथेच तुम्ही थांबत नाही!

तिसरी तक्रार दिवाळीच्या सहलींबद्दल. उन्हाळी सुट्टीतल्या सहली मे महिन्यात जातात, तेव्हा सारे उघडे असते. दिवाळीच्या सुट्टीत मात्र घोळ होतो. एल्ट्सचा हंगाम साधारण 1 एप्रिलपासून 1 नोव्हेंबरपर्यंत चालतो. ॲनिक आणि अरुंडेलही ऑक्टोबरअखेरीच्या सुमारास बंद होतात. 2026 मध्ये लक्ष्मीपूजन 8 नोव्हेंबरला आहे. भाऊबीज आटोपून निघणाऱ्या गटाला यांपैकी बहुतेक दारे बंदच मिळणार, हे पत्रक छापतानाच ठाऊक असायला हवे. तरीही उन्हाळ्याच्या पत्रकातला मजकूर जसाच्या तसा उचलून दिवाळीच्या पत्रकात चिकटवला जातो. आठवड्याची सुट्टी हाही तसाच मुद्दा आहे. अरुंडेल बहुतेक सोमवारी बंद असतो, आणि तुमचे 'लंडनहून दिवसभराची सहल' हे कलम कोणत्या वाराला पडते ते कोणी पाहत नाही. बऱ्याच ठिकाणी प्रवेश किल्ला बंद होण्याच्या तासभर आधीच थांबतो, ही बाब तर पत्रकात कधीच येत नाही.

चौथी गोष्ट पायऱ्यांची. गटातल्या निम्म्याहून जास्त लोकांनी साठी ओलांडलेली असते, हे तुम्हाला आमच्यापेक्षा चांगले ठाऊक आहे. गोल जिन्याची पायरी खांबाच्या बाजूला बोटभर आणि भिंतीच्या बाजूला वीतभर रुंद असते. प्रत्येक पायरीची उंची वेगळी, मधोमध झिजलेली. अशा जिन्यात भिंतीच्या कडेने चालायचे, पाय पूर्ण टेकवायचा, उतरताना दोरी किंवा कठडा धरायचा आणि पुढच्याशी दोन पायऱ्यांचे अंतर ठेवायचे. रबरी तळव्याचे बूट हवेत. दोन मजले असे चढायचे आहेत हे प्री-टूर मीटमध्ये सांगितले, तर ज्याला जमणार नाही तो चौकात किंवा चहाघरात आनंदाने बसेल. आत गेल्यावर कळले, तर त्याला मागे फिरता येत नाही, कारण मागे वीस माणसे असतात. (तुमचे लोक प्रत्येक किल्ल्यात सांगतात ती गोष्टही आता पुरे: उजव्या हाताने तलवार चालवणाऱ्या बचावकर्त्याला सोयीचे म्हणून जिना घड्याळाच्या काट्याप्रमाणे वळतो, म्हणे. ऐकायला छान आहे, पण तिला भक्कम पुरावा नाही, आणि उलटे वळणारे जिनेही पुष्कळ आहेत.)

पाचवी तक्रार: नियम सांगितले जात नाहीत आणि ते का आहेत हेही सांगितले जात नाही. एल्ट्सच्या आत फोटो काढता येत नाही. दारात हे कळले की गटात कुरकूर सुरू होते, कोणीतरी लपवून मोबाइल काढतो, वाटाड्या फेरी थांबवतो. बसमध्ये पाच मिनिटे खर्च केली तर हे टळेल. आत अंधार का असतो? भरतकामाचे पडदे, गालिचे, जलरंगातली चित्रे यांना उजेड साधारण 50 लक्सच्या (लक्स हे उजेड मोजण्याचे एकक) आत ठेवतात. आपल्या कार्यालयात त्याच्या दहापट उजेड असतो. प्रकाशाने उडालेला रंग परत येत नाही आणि हानी साठत जाते, म्हणून खिडक्यांवर अर्धे पडदे ओढलेले असतात. उन्हातून आल्यावर डोळे सरावायला थोडा वेळ द्यावा लागतो. पहिल्याच दालनात 'काहीच दिसत नाही' म्हणून लोक पुढे पळतात आणि सर्वांत जुने काम बहुधा मागेच राहते.

पाठीवरची सॅक पुढे घ्यायला सांगतात, कारण वळताना ती मागच्या खुर्चीला लागते हे सॅकवाल्याला कळतही नाही. टोकदार टाचेखाली सारे वजन नखाएवढ्या जागेवर येते आणि जुन्या लाकडी जमिनीला खड्डे पडतात. ओले कोट आणि छत्र्या बाहेर ठेवायच्या, कारण लहान दालनात पंचवीस ओली माणसे शिरली की हवेतली आर्द्रता झपाट्याने चढते. लाकूड फुगते, आकसते, चित्राच्या पाटीवरचा रंग सुटू लागतो. हे आपल्या लोकांना समजत नाही असे नाही. घरचा जुना पितळी समई-देव्हारा कसा सांभाळायचा हे त्यांना चांगले कळते. कारण सांगितले की ते ऐकतात, नुसते 'नो फोटो' म्हटले की त्यांना अपमान वाटतो.

ज्या किल्ल्यांत मोकळे फिरता येते, तिथे दालनादालनांत माणसे बसलेली असतात. अनेकांना ते पहारेकरी वाटतात. त्यांतले कित्येक जण त्या दालनाचे जाणकार असतात, आणि 'या खोलीतली तुमच्या मते सर्वांत चांगली वस्तू कोणती?' असे विचारले की खुलतात. हा एक प्रश्न गटाला शिकवून ठेवा.

शेवटचा मुद्दा पैशाचा, आणि तो तुमच्या नफ्यापुरता नाही. ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर मोठ्या इस्टेटींवरचा वारसाकर 80 टक्क्यांपर्यंत गेला होता. शेकडो घरे पाडली गेली किंवा विकली गेली. दारे उघडून तिकीट लावणे हा टिकण्याचा एक मार्ग ठरला. आजही तिथे काही वास्तूंना लोकांसाठी खुले ठेवण्याच्या अटीवर या करातून सवलत मिळते. स्काय बेटावरचा डनव्हेगन मॅक्लाउड कुळाच्या प्रमुखांकडे सुमारे 800 वर्षे आहे. 2000 साली त्याच्या छपराची दुरुस्ती करायला तेव्हाच्या प्रमुखांनी क्युलिन डोंगररांग एक कोटी पौंडांना विक्रीस काढली. मोठा गदारोळ झाला आणि अखेर विक्री झाली नाही. पण छप्पर गळू लागले की डोंगर विकायची वेळ येते, एवढे त्यातून कळते. तुमची बस वाहनतळ वापरते, स्वच्छतागृह वापरते, कठड्यावरून फोटो काढते आणि तिकीट न काढता निघते. पाण्याचा, रस्त्याचा, सफाईचा खर्च किल्ल्याचा. त्याच फोटोवर तुमच्या पुढच्या वर्षाच्या पत्रकाचे मुखपृष्ठ सजते. बाहेरूनच पाहायचे असेल, तर राइनवरच्या बोप्पार्ड ते सांक्ट गोआर या बोटफेरीत किल्ल्यांची रांग लागते. तिथे कोणाची फसवणूक नाही, कोणावर भार नाही. तोच कार्यक्रम ठेवा आणि त्याला 'बोटीतून किल्ले' असे सरळ नाव द्या.

आमच्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

1. 'दर्शन' हा शब्द काढा. प्रत्येक किल्ल्यापुढे 'आतून, तिकीट समाविष्ट', 'आतून, तिकीट वेगळे' किंवा 'फक्त बाहेरून' यांपैकी एक लिहा, आणि तेही त्याच टाइपात.

2. प्रत्यक्ष थांबा किती मिनिटांचा ते छापा. एल्ट्स आतून दाखवायचा असेल तर अडीच तासांखाली जाऊ नका. जमत नसेल तर त्या दिवसातून एल्ट्स वगळा, आम्ही तक्रार करणार नाही.

3. वाहनतळापासूनचे अंतर, चढ, जिने आणि बसायची सोय यांची माहिती नोंदणीच्या वेळी द्या, व्हिसा झाल्यावर नको.

4. प्रवेशाची वेळ आधी आरक्षित करा आणि गट दोनात विभागून न्या. पत्रक छापण्यापूर्वी बंद असण्याचे दिवस किल्ल्याकडूनच विचारून घ्या. दिवाळीचे पत्रक वेगळे लिहा.

5. प्रत्येक किल्ल्यासाठी दोन पानांचे मराठी टिपण तयार करा: घराण्याचा थोडका इतिहास, दालनांचा क्रम, काय चुकवू नये, नियम आणि त्यांची कारणे. ते बसमध्ये आदल्या संध्याकाळी वाटा. टूर मॅनेजरने निदान एकदा तरी आतून फेरी केलेली असावी.

6. आत जायचे नसेल तर किल्ल्याच्या वाहनतळाचा आणि स्वच्छतागृहाचा फुकट थांबा म्हणून वापर करू नका.

यातल्या दोन-तीन गोष्टींनी सहलीचा खर्च थोडा वाढेल, याची आम्हाला कल्पना आहे. तो दर आधी स्पष्ट सांगितला तर देणारे लोक आहेत. मराठी टिपण लिहिण्याच्या कामात हवी ती मदत आम्ही विनामूल्य करू. पुढच्या उन्हाळ्याची पत्रके छपाईला जाण्यापूर्वी, कोणत्या किल्ल्यात तुम्ही आत नेणार आणि कोणत्यात नाही, एवढी यादी जाहीर करावी, ही विनंती.

कळावे,
आपले,
तुमच्याच बसमधले काही प्रवासी